जॅकेट गळतंय की मळलंय? वॉटरप्रूफ कपडे धुण्याचा आणि पुन्हा पाणीरोधक करण्याचा बिनचूक क्रम

वॉटरप्रूफ जॅकेट दोन-तीन मोसमांनंतर ‘गळायला’ लागलं की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. पाणीरोधक स्प्रेची बाटली आणायची, जॅकेट खुंटीला टांगायचं आणि मळासकट सगळ्यावर फवारून मोकळं व्हायचं. पुढच्या पावसात खांदे पुन्हा ओले. मग शिव्या कधी स्प्रेला, कधी जॅकेट बनवणाऱ्याला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार. बहुतेक वेळा जॅकेट गळत नसतंच, ते मळलेलं असतं.

मीही हे करून बसलोय. एका जॅकेटवर एका मोसमात तीनदा स्प्रे मारला. कॉलरवर पांढुरका, बोटाला चिकटणारा थर बसला आणि खांद्यावर पाणी मुरायचं ते मुरतच राहिलं. शेवटी वैतागून धुतलं, तेव्हा टबातलं पाणी मातकट काळं झालं. आणि वाळल्यावर त्याच जॅकेटवरून थेंब घरंगळायला लागले, स्प्रे न मारताच.

क्रम समजायला एवढं माहीत असलं की पुरे. बाहेरचं नायलॉन किंवा पॉलिस्टरचं कापड स्वतः पाणी अडवत नाही. पाणी अडवतो त्याच्या आतून चिकटवलेला पातळ पडदा, म्हणजे मेम्ब्रेन. घामाची वाफही तोच बाहेर सोडतो. बाहेरच्या कापडावर कारखान्यातच एक न दिसणारा लेप दिलेला असतो. त्याला डीडब्ल्यूआर म्हणतात. थेंब कापडात मुरू न देता गोळी करून खाली ढकलणं एवढंच त्याचं काम. लेप निकामी झाला की कापड पाणी पितं, काळपट दिसतं, जड आणि गार होतं. आतला पडदा अजून शाबूत असतो, पण बाहेरून पाण्याचा थर बसल्यामुळे वाफेला वाट राहत नाही. घाम आतच साचून अंगाला लागतो आणि आपण म्हणतो, जॅकेट गळलं.

म्हणून क्रम असा: निदान, धुणं, खळबळणं, ऊब, चाचणी, दुरुस्ती आणि गरज उरलीच तर लेप. लेप शेवटी. तो मध्येच उचलून पहिल्या जागी आणला की पुढचं सगळं वाया जातं.

## टप्पा १ : पाणी येतंय कुठून, ते आधी बघा

जॅकेट कोरडं असताना सपाट टेबलावर पसरा. खांदे, बाह्यांची पुढची बाजू, कॉलर आणि खिशांच्या कडा अशा चार-पाच जागी थोडं थोडं पाणी शिंपडा. मग झिपवरच्या झडपेखाली किंवा खिशाच्या आच्छादनाखाली, जिथे कधी घासलं गेलेलं नाही अशा जागीही शिंपडा. ही तुमची तुलनेची जागा. तिथे टपोरे गोळे उभे राहिले आणि खांद्यावर मात्र डाग पसरून कापड गडद झालं, तर लेप मळलाय किंवा झिजलाय. पडद्याला अजून दोष देऊ नका.

आता पडद्याची परीक्षा. बाहेरची बाजू वर ठेवून संशयित भाग एका वाडग्याच्या तोंडावर सैल टाका, म्हणजे मध्ये खळगा होईल. वाडग्यात, कापडाच्या खाली, कोरडा टिश्यू पेपर ठेवा. खळग्यात पेलाभर पाणी ओता आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. वरचं कापड काळं पडलं तरी चालेल, बघायचाय तो खालचा कागद. कागद कोरडा असेल तर पडदा ठीक आहे. एकाच ठिपक्यावर ओला झाला असेल तर भोक आहे. शिवणीच्या रेषेत ओला झाला असेल तर शिवणीवर आतून चिकटवलेली पाणी अडवणारी टेप सुटली आहे.

मग जॅकेट उलटं करून चांगल्या उजेडात आतली बाजू तपासा. टेपची टोकं उचलली आहेत का? आतून पांढरे पोपडे सुटताहेत का, हाताला चिकट लागतंय का? बाहेरच्या कापडावर फुगे आलेत का? पोपडे आणि चिकटपणा म्हणजे आतला पॉलियुरेथेनचा (एक प्रकारच्या प्लॅस्टिकचा) थर ओलाव्याने विघटित होत चालला आहे. फुगे म्हणजे थर एकमेकांपासून सुटले आहेत. या दोन्हींवर घरगुती इलाज नाही. तिथे साबण, लेप आणि आपली सुट्टी यातलं काहीच वाया घालवू नका.

थांबा, हेही तपासा: पाणी कापडातून येतच नसेल. आतल्या सुती शर्टाची बाही मनगटातून बोटभर जरी बाहेर डोकावत असली तरी ती वातीसारखी पाणी वर ओढते आणि कोपरापर्यंत ओलं करते. टोपीची नाडी सैल असेल तर पाणी मानेवरून पाठीत उतरतं. काखेतल्या हवेच्या झिपा उघड्या ठेवून हात वर केला तरी तेच. अशा ‘गळती’साठी जॅकेट परत पाठवणारे लोक मी पाहिले आहेत.

## टप्पा २ : धुण्याआधीची तयारी

इथे घाई होते आणि नुकसानही इथेच होतं.

१. सगळे खिसे उलटे करा. बाहीवरचा छोटा खिसा आणि आतला जाळीचा खिसा हमखास विसरतो. खिशात राहिलेला एक टिश्यू पेपर धुण्यात फुटला की त्याचा लगदा अस्तरात अडकून बसतो.

२. वाळलेला चिखल मऊ ब्रशने झाडा. ओला असेल तर वाळू द्या. ओला चिखल चोळला की बारीक रेती विणीत घुसते.

३. झिपांच्या दातांतली वाळू जुन्या टूथब्रशने काढा आणि मग सगळ्या झिपा पूर्ण लावा. वेल्क्रो बंद करा, कारण उघडा वेल्क्रो पाण्यात कापड ओरबाडतो. कंबरेच्या आणि टोपीच्या नाड्या मात्र सैल सोडा, नाहीतर चुण्यांत साबण अडकून राहतो.

४. कॉलरची आतली बाजू, हनुवटी टेकते ती जागा आणि मनगटाच्या पट्ट्या हे सगळ्यात तेलकट भाग. मशीनच्या एका फेरीत ते निघत नाहीत. थोडा द्रव साबण पाण्यात मिसळून मऊ ब्रशने हलकं चोळा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या.

५. लेबल वाचा. टबाच्या चिन्हातला एक ठिपका म्हणजे जास्तीत जास्त ३० अंश सेल्सिअस, दोन म्हणजे ४०. चौकोनातलं वर्तुळ म्हणजे ड्रायर. त्यात एक ठिपका असेल तर मंद उष्णता. इस्त्रीवर एक ठिपका म्हणजे ११० अंशांपर्यंत. फुली मारलेला त्रिकोण म्हणजे ब्लीच नको. लेबल आणि हा लेख यांत फरक पडला तर लेबलचं ऐका.

## टप्पा ३ : मशीन आणि साबण

रोजच्या कपड्यांच्या मशीनमध्ये साबणाचा कप्पा बाहेर ओढून बघा. निळसर, गुळगुळीत राप दिसतो तो फॅब्रिक कंडिशनरचा. कंडिशनर कपड्याच्या धाग्यावर मुद्दाम एक थर सोडतो, त्यानेच कपडा मऊ लागतो. तोच थर पाणी झटकणाऱ्या लेपावर बसला की लेप झाकला जातो. कप्पा गरम पाण्याखाली ब्रशने घासा आणि मशीनची एक फेरी साबणाशिवाय, रिकामी फिरवा. दहाजणांना हे सांगितलं तर नऊजण ऐकून सोडून देतात आणि नंतर ‘महागडा साबण वापरूनही फरक पडला नाही’ म्हणतात.

साबण कुठला? पाणीरोधक कपड्यांसाठी मुद्दाम बनवलेला द्रव साबण सगळ्यात उत्तम, कारण खळबळल्यावर तो मागे काही ठेवत नाही. तो नसेल तर सुगंध, ब्लीच आणि सॉफ्टनर नसलेला साधा द्रव डिटर्जंट, नेहमीपेक्षा बराच कमी. पावडर टाळा. तिचे न विरघळलेले कण विणीत राहतात, आणि साबणाचा स्वभावच पाण्याला धाग्याशी जोडण्याचा. थेंब झटकायचा असेल तर धाग्यावर साबण उरणं म्हणजे घरचा भेदी.

हे करू नका: कंडिशनर, ब्लीच, डाग काढणारी तीव्र द्रव्यं आणि ड्रायक्लीनिंग. ड्रायक्लीनिंगमधली द्रावणं लेपाला घातक ठरतात.

## टप्पा ४ : धुणं

एका वेळी दोनच कपडे घाला. फार तर जॅकेट आणि पावसाळी पँट. सोबत टॉवेल किंवा जीन्स नको, त्यांचे तंतू आणि जुना साबण जॅकेटवर येतो. हलकी फेरी लावा आणि पाण्याचं तापमान लेबलप्रमाणे ३० किंवा ४० अंश ठेवा. पूर्ण गार पाण्यात अंगाचं तेल आणि सनस्क्रीन नीट सुटत नाही. ‘नाजूक कपडा आहे, गार पाणीच बरं’ हा समज इथे उपयोगाचा नाही.

धोक्याची सूचना: पाणी न जाऊ देणारा कपडा फिरताना पिशवीसारखा पाणी धरून बसतो. जोरात फिरकी लावली की सगळं वजन एका बाजूला जातं आणि मशीन हादरून उड्या मारायला लागतं. वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये हा धोका जास्त. बऱ्याच उत्पादकांनी माहितीपुस्तिकेत असे कपडे फिरकीत घालूच नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. पुस्तिका बघा. मनाई असेल तर टबात हाताने धुवा. परवानगी असेल तरी फिरकी सगळ्यात कमी वेगाची ठेवा.

हाताने धुताना कोमट पाण्यात साबण आधी पूर्ण विरघळवा, मग जॅकेट बुडवा. पंधरा मिनिटं भिजू द्या आणि मग दाबून-सोडून हलवत राहा. आपटायचं नाही, पिळायचं तर मुळीच नाही. पीळ दिला की आतली शिवणीची टेप तिरकी ताणली जाते आणि एकदा उचलली की ती परत बसत नाही. पाणी काढायचं असेल तर जॅकेट गुंडाळून टबाच्या कडेवर दाबा आणि निथळू द्या.

## टप्पा ५ : खळबळणं

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे. धुण्यात चुकलं तर मळ राहतो, खळबळण्यात चुकलं तर साबण राहतो, आणि लेपाच्या दृष्टीने साबण मळापेक्षा वाईट. मशीनमध्ये नेहमीच्या फेरीनंतर पाण्याची आणखी एक फेरी लावा. साधा डिटर्जंट वापरला असेल तर दोन लावा.

तपासणी: शेवटच्या फेरीनंतर जॅकेट बादलीभर स्वच्छ पाण्यात बुडवा आणि हाताने जोरात घुसळा. कडेला फेसाची बारीकशी माळ जरी दिसली तरी अजून एक पाणी. पाणी नितळ राहिलं तरच पुढे जा. ही तपासणी मला दोन मिनिटांत करता येते, आणि तिने माझं काम किती वेळा वाचवलं ते मी मोजणं सोडून दिलंय.

## टप्पा ६ : वाळवणं आणि ऊब

नुसतं वाळवणं पुरेसं नसतं. डीडब्ल्यूआरच्या लेपात रेणूंच्या लांब साखळ्या असतात, त्यांची टोकं कापडाबाहेर ताठ उभी असतात तेव्हा थेंब वरच्या वर राहतो. सॅकचे पट्टे घासून, घडी पडून, मळ बसून ही टोकं आडवी होतात. ऊब मिळाली की ती पुन्हा उभी राहतात. म्हणून धुतलेल्या जॅकेटचं अर्धं काम साबणाने झालेलं असतं आणि अर्धं उष्णतेने होतं.

ड्रायर असेल तर मंद उष्णतेवर जॅकेट पूर्ण कोरडं करा आणि कोरडं झाल्यावर आणखी वीस मिनिटं फिरवा. ही शेवटची वीस मिनिटं महत्त्वाची. ‘कोरडं झालं की काढलं’ असं केलंत तर ऊब पाणी उडवण्यातच खर्च झालेली असते, लेपाच्या वाट्याला ती आलेलीच नसते.

ड्रायर नसेल तर सावलीत, वारा लागेल असं हँगरवर वाळवा. पूर्ण वाळल्यावर इस्त्री सगळ्यात कमी उष्णतेवर आणा, वाफ बंद करा. जॅकेटवर पातळ सुती कापड किंवा टॉवेल अंथरा आणि त्यावरून इस्त्री सावकाश फिरवा. एका जागी थांबू नका. हात लावला तर कापड उबदार वाटलं पाहिजे, चटका बसता कामा नये. झिप, छापील लोगो, परावर्तक पट्ट्या आणि वेल्क्रो यांच्यावरून इस्त्री नेऊच नका. हेअर ड्रायरनेही होतं, पण हात दुखेस्तोवर वेळ लागतो आणि ऊब एकसारखी बसत नाही.

हे करू नका: हीटरला लावून वाळवणं, शेकोटीजवळ टांगणं, भर उन्हात दिवसभर ठेवणं. पहिल्या दोघांत टेपचा गोंद मऊ होऊन सुटतो. तिसऱ्यात नायलॉन हळूहळू कमकुवत होतं, रंगही उडतो.

## टप्पा ७ : लेप लावायचा की नाही, ते चाचणी ठरवेल

प्रयोगशाळेत कापडाचा तुकडा ४५ अंशांच्या उतारावर ताणून बसवतात आणि वरून झारीसारख्या तोटीतून २५० मिलिलिटर पाणी सोडतात. मग तुकडा टिचकावून थेंब झाडतात आणि किती भाग ओला दिसतो यावरून गुण देतात. घरी याची नक्कल सोपी आहे. जॅकेटची पाठ एका तिरक्या फळीवर ताणून ठेवा, अडीचशे मिलिलिटर पाणी झारीतून किंवा भोकं पाडलेल्या बाटलीतून वीतभर उंचीवरून पाडा आणि झटका द्या. हीच चाचणी खांद्यावर आणि बाहीवर पुन्हा करा.

- पाणी गोळ्या होऊन घरंगळलं आणि झटकल्यावर कापड कोरडं दिसलं: काम झालं, लेप नको.
- सुटे ओले ठिपके राहिले: ऊब पुन्हा द्या आणि पुन्हा तपासा.
- ओल पसरून सलग डाग झाला: लेप खरोखर झिजलाय, पुढे जा.

गंमत म्हणजे बरेच जण इथेच थांबू शकतात, आणि आणलेली बाटली पुढच्या मोसमापर्यंत न उघडता राहते.

## टप्पा ८ : भोकं आणि शिवणी, लेपाच्या आधी

लेप लावलेल्या कापडावर कुठलाही गोंद नीट बसत नाही, कारण काहीही चिकटू न देणं हाच त्या लेपाचा धर्म. म्हणून ठिगळं आणि शिवणी आधी.

भोकाभोवतीची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. चिकटपट्टीचं ठिगळ भोकाच्या चारही बाजूंनी निदान बोटभर मोठं कापा आणि कोपरे गोल करा. टोकदार कोपरा कशात तरी अडकतो आणि तिथूनच ठिगळ उचलायला लागतं. सुईदोऱ्याने शिवायच्या मोहात पडू नका. प्रत्येक टाका म्हणजे पडद्याला नवीन भोक. शिवावंच लागलं तर टाक्यांवर आतून शिवणरोधक द्रव, म्हणजे टाक्यांची भोकं बुजवणारा सीम सीलर, भरा.

टेप नुसती टोकाला उचलली असेल तर खालची जागा पुसून शिवणरोधक द्रवाचा पातळ थर लावा, टेप दाबा आणि रात्रभर वजन ठेवा. इथे एक फरक नीट समजून घ्या. पॉलियुरेथेनच्या थराला पॉलियुरेथेनचा द्रव लागतो, सिलिकॉनच्या कापडाला सिलिकॉनचा. उलटसुलट केलं तर वाळल्यावर सालपटासारखं सुटून येतं. बहुतेक जॅकेटं पहिल्या प्रकारची. सिलिकॉनचं कापड जास्त करून हलक्या तंबूंत आणि पावसाळी पाँचोंत दिसतं.

## टप्पा ९ : लेप

लेप दोन प्रकारे देता येतो.

धुण्यातला लेप मशीनमध्ये किंवा बादलीत ओततात. तो सगळीकडे सारखा बसतो, पण आतल्या बाजूलाही बसतो. घाम शोषणारं अस्तर असलेल्या जॅकेटसाठी तो चुकीचा, कारण अस्तरही पाणी झटकायला लागतं आणि घाम अंगावरच राहतो. अस्तर नसलेली हलकी जॅकेटं, पावसाळी पँट आणि पायांवरचे गेटर यांना तो सोयीचा.

स्प्रेचा लेप फक्त बाहेरून बसतो. अस्तर असेल, आत उबदार भरण असेल तर हाच घ्या. माझा कल स्प्रेकडेच आहे, कारण खांदे आणि बाह्या जिथे खरी गरज आहे तिथे जास्त देता येतो.

स्प्रेची कृती:

१. पाण्यावर आधारलेले बहुतेक स्प्रे ओलसर कापडावर मारायचे असतात. चाचणीने जॅकेट ओलं झालंच आहे; राहिलेला भाग स्वच्छ पाण्याने ओला करून निथळवा. बाटलीवर ‘कोरड्या कापडावर’ लिहिलं असेल तर तसं करा.

२. मोकळ्या हवेत हँगरवर टांगा. झिपा लावलेल्या हव्यात. बाटली हलवा.

३. साधारण वीतभर अंतरावरून वरून खाली पट्ट्या मारत या. खांदे, टोपीचा माथा, बाह्यांची पुढची बाजू आणि सॅक टेकते तो पाठीचा भाग यांना दुसरा हात द्या.

४. दोन-तीन मिनिटांनी ओल्या फडक्याने उरलेले थेंब आणि ओघळ पुसून घ्या. हे न केल्यानेच पांढरे डाग पडतात. माझ्या कॉलरवरचा तो चिकट थर याचाच.

५. टप्पा ६ प्रमाणे वाळवा आणि ऊब द्या. काही लेपांना ऊब लागत नाही, ते बाटलीवर लिहिलेलं असतं.

६. टप्पा ७ ची चाचणी पुन्हा.

एक अपेक्षा आधीच कमी करून ठेवा. जुने कारखानी लेप पीएफएएस गटातल्या फ्लोरिनयुक्त रसायनांचे होते, ते पाण्याबरोबर तेलही झटकायचे. ही रसायनं निसर्गात जवळजवळ कुजतच नाहीत, म्हणून त्यांच्यावर निर्बंध येत आहेत. कपड्यांतल्या त्यांच्या वापरावर काही अपवाद सोडून कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून आणि फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२६ पासून बंदी आहे. नवे फ्लोरिनविरहित लेप पाणी झटकतात, तेल झटकत नाहीत. मानेचा घाम, सनस्क्रीन, केसांचं तेल त्यांच्यावर लगेच बसतं. म्हणजे नवं जॅकेट जुन्यापेक्षा जास्त वेळा धुवावं लागतं. धुण्याने जॅकेट खराब होतं ही समजूत नव्या लेपांच्या बाबतीत तर साफ उलटी आहे.

## कुणाला हा क्रम लागू नाही

मेणकापड. मेण लावलेल्या सुती जॅकेटला मशीन, साबण आणि गरम पाणी तिन्ही वर्ज्य. एका धुण्यात मेण निघून जातं आणि उरतं ते साधं जाड कापड. गार पाण्यात स्पंज बुडवून पुसायचं, वाळल्यावर डबीतलं मेण किंचित ऊन करून फडक्याने शिवणींत आणि घड्यांत चोळायचं आणि हेअर ड्रायरने जिरवायचं.

छद्मवेशाचे (कॅमोफ्लाज) लष्करी कपडे. सैन्यातून निघालेले किंवा त्या बनावटीचे कपडे वापरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. त्या कापडाचे रंग असे निवडलेले असतात की अवरक्त किरणांतही ते आसपासच्या झाडोऱ्याशी मिळतेजुळते दिसावेत. ‘पांढरे शुभ्र’ म्हणणाऱ्या पावडरींत ऑप्टिकल ब्रायटनर असतात. ते अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश सोडतात. त्यामुळे कपडा उठून दिसायला लागतो, आणि छद्मवेशाच्या कपड्याने नेमकं तेच करायचं नसतं. ब्रायटनर नसलेला साबण वापरा. कांजी नको, कडक इस्त्रीही नको. हे फक्त सैनिकांपुरतं नाही, झुडपात बसून प्राणी-पक्ष्यांचं निरीक्षण करणाऱ्यांनाही लागू आहे. पक्ष्यांच्या बऱ्याच जातींना अतिनील प्रकाश दिसतो.

आग न पकडणारे कपडे. अॅरामिडच्या (आगीत टिकणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या) किंवा प्रक्रिया केलेल्या अग्निरोधक कपड्यांवर उत्पादकाने सांगितल्याशिवाय कुठलाही घरगुती लेप मारू नका. तो थर स्वतः पेट घेऊ शकतो. कंडिशनरचंही तेच.

पिसांचं भरण. धुणं वरच्यासारखंच, पण पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये. वाळवायला ड्रायरमध्ये मंद उष्णतेवर काही तास आणि सोबत दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल, म्हणजे पिसांचे गोळे फुटतील. बाहेरून कोरडं लागलं तरी बोटांनी चाचपून गाठी शोधा. गाठ म्हणजे आत ओल, आणि ओल म्हणजे कुबट वास.

## ठेवताना आणि वापरताना

पूर्ण कोरडं करून हँगरवर ठेवा. दाबून भरलेल्या पिशवीत महिनोन्महिने ठेवलं की घड्यांवर लेप झिजतो, आणि ओलसर ठेवलं तर पॉलियुरेथेनचे पोपडे लवकर सुटतात. डास पळवणारं डीट असलेलं द्रव्य जॅकेटवर फवारू नका. ते प्लॅस्टिक आणि ताणले जाणारे धागे खराब करतं. हाताला लावलं असेल तर झिपेच्या प्लॅस्टिकच्या टोकाला धरण्याआधी हात पुसा.

किती वेळा धुवायचं याचं दिवसांत उत्तर नाही. कॉलर गडद दिसली, खांद्यावर थेंब चपटा व्हायला लागला किंवा जॅकेटला घामाचा वास आला की वेळ झाली. सलग काही दिवस बाहेर असाल आणि मशीन नसेल तर रात्री कॉलर, मनगटं आणि खांद्यावरचे पट्ट्यांचे माग ओल्या फडक्याने पुसा आणि जॅकेट उलटं करून टांगा. सकाळी अंगात चढवण्याआधी एकदा जोरात झटका. रात्रीचं दव त्यावर बसलेलं असतं, आणि ते मुरलंय की गोळ्या होऊन उडालं, ते झटकल्यावर लगेच दिसतं.